उभी चिरलेली द्राक्षं

स्पॉल्डिंगला पोचले तेव्हा आठ वाजत होते.
कोबीचे ट्रक निघून गेलेले, रस्त्यावर त्यांची पानं.
मेथडिस्ट चर्चच्या मागचा हॉल. दारावर
कापसाच्या बोळ्यांची मेंढी, एक डोळा निखळलेला.
सुटा भाग, गिळता येण्याजोगा,
असं मनात लिहून झालं
आणि मी अजून बेलही वाजवली नव्हती.

लॉरेननं ओळखपत्र हातात घेतलं, फोटो आणि मी,
फोटो आणि मी, मग ऑफिसला फोन लावून खात्री केली.
मी बाहेर थंडीत उभी.
पहिली परीक्षा तिनं माझी घेतली. बरं वाटलं.

मग माझं सुरू झालं.
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टेप.
तीन वर्षांच्या पोराला जागा लागते
सवादोनाहून जरा जास्त चौरस मीटर.
फ्रिज चार अंशांवर. पडद्याच्या दोऱ्या वर गुंडाळलेल्या.
फिनेल कुलपात, किल्ली खिळ्यावर,
खिळा माझ्या खांद्याच्या उंचीला.
सगळं पुन्हा एकदा गुडघ्यांवर बसून पाहिलं,
कारण उभ्यानं पाहिलं तर
कुठलीच खोली धोक्याची दिसत नाही.

"तुझं काय हरवलंय?" इफ्रा.
काही नाही.
"मग शोधतेस काय?"
हरवू नये ते.
तिला ते पटलं नाही. तरी ती
टेबलाखाली जाऊन बघून आली.

दोघींमागे सोळा मुलं, असं कागद म्हणतो.
डायना बोस्टनहून येणाऱ्या बसमध्ये, बस वाटेत अडकलेली,
आणि खोलीत लॉरेन, हेदर, आणि मुलं सतरा.
मला धरून तिघी झालो असतो, पण
तपासनीस माणसांत मोजत नाहीत.
सतरावा कायडन, नाक गळणारा,
सरळ येऊन माझ्या मांडीवर बसला.
त्याच्या हिशेबात मी होते.
एका हातानं त्याला धरलं, दुसऱ्यानं घड्याळ पाहून लिहिलं.
नऊ वाजता डायना धावत आली,
एका खांद्यावर कोट, माफी मागत, सगळ्यांची, मेंढीचीसुद्धा.
अकरा मिनिटं.

"लिहिणारच का?" लॉरेन हळू म्हणाली.
"बस होती हो. आणि एकच तर पोर जास्त."

एकच असतं नेहमी.

हे मी बोलले नाही.
नियमावलीत मुलांची नावं नसतात, पण
तिच्यातली ओळ न् ओळ कुणाच्या तरी पोरामागून आलेली.
दोरी वर गुंडाळा: एकदा कुणी गुंडाळली नव्हती.
फाटकाची कडी उंच लावा.
द्राक्षं उभी चिरा, चार तुकडे.
चारच का, असं कुणी विचारत नाही.
सोळा वर्षांत मी ते एकदाच समजावून सांगितलं,
एका आईला,
जिला ते आधीच कळलेलं होतं.

फळांची वेळ. लॉरेन माझ्याकडे पाठ करून चिरत होती.
रागातल्या माणसाचा हात घाई करतो.
तिनं प्रत्येक द्राक्ष आधी उभं, मग फिरवून पुन्हा उभं,
सतरा वाट्या होईतो.
तेही लिहिलं. अकरा मिनिटांच्या खालीच,
त्याच अक्षरात.

निघताना इफ्रा दारापर्यंत आली.
"सापडलं," म्हणाली, आणि मूठ उघडली.
मेंढीचा डोळा.
ओला.
कधीपासून होता हातात, विचारलं, तर
"तू यायच्या आधीपासून."

मी त्याच पायरीवर, तिच्या उंचीला बसले
आणि मिटलेली वही परत उघडली.