टक्का

बॅलार्ड पियर, तिसरा मजला, गोदी कामगारांचं पेन्शन खातं.
खिडकीबाहेर एसीचं पाणी एका बिनकानाच्या मगात ठिबकतंय
आणि माझ्यासमोर एकच शीट: एक्केचाळीस हजार तीनशे बारा ओळी,
सहा कंत्राटी पोरांनी सहा तऱ्हांनी टाइप केलेल्या.

शेवंतीबाई म्हणाल्या, माणगांवकर. लवू. बी शेड.
असा कुणी नव्हता.
त्यांनी पिशवीतून कार्ड काढलं. पाण्यानं अर्धं खाल्लेलं,
आडनावातलं शेवटचं तेवढं शिल्लक: गावकर.
गाव पुसलं गेलं होतं, गावकर राहिला होता.

मी पुढे चांदणी टाकून शोधलं.
शून्य ओळी.
पलीकडून डिकुन्हा, मान वर न करता:
"हितं चांदणी नाय चालत. टक्का टाक."

टक्का म्हणजे मुकादमाची दस्तुरी,
सोसायटीचं व्याज, दहावीला मला कमी पडलेले दोन.
इथे त्याचा अर्थ: काहीही असू दे, कितीही असू दे,
काहीच नसलं तरी चालेल.
इतकं उदार या इमारतीत कुणी बोललेलं मला आठवत नाही.

सहाशे अकरा माणसं उठून आली.
साळगावकर, आजगावकर, नुसतेच गावकर.
मग लक्षात आलं, बाई बोलतात ते गांव, नाकातून;
जुने कारकूनही टिंब देत. नियमानं नंतर काढलं.
म्हणून मधे अजून एक टक्का, त्या टिंबासाठी,
असेल तर असेल.
आणि लवू की लवु, तिथे अधोरेषा:
तिला एक अक्षर लागतंच. कुठलंही, पण एक.

चार लवू उरले.
तिसऱ्याच्या शेऱ्यात: डाव्या हाताची करंगळी नाही.
बाई स्क्रीनकडे न बघता म्हणाल्या, "ह्योच."
नाव होतं नांदगांवकर.

"मुकादमान आयकलां काय नि लिवलां काय," त्या म्हणाल्या.
"तीस वर्सां ह्यांनी दुसऱ्याच्या गांवाचो पगार घेतलो."
हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

बाकीच्या तीन लवूंना अजून कुणी विचारायला आलेलं नाही.

पावतीवर त्यांनी सही केली, बराच वेळ लावून:
माणगांवकर. टिंब शेवटी दिलं, पेन दाबून.
उद्या कुणीतरी पोरगा हेही टाइप करील.