डावी कूस

डॉक्टर बदरिया म्हणतात, डाव्या कुशीवर झोप.
डावीकडे तर ती आहे,
गळ्याच्या हाडाखाली, काडेपेटीएवढी,
एकोणिसाव्या वर्षी शिवून दिलेली.
तिच्यावर कलले की कोपरा बोचतो,
उजवीकडे वळले तर बाळाचं रक्त अडेल म्हणे.
मग मी धड आडवी नाही, धड उभी नाही,
उशांना टेकून बसलेली,
सोहारमधल्या तिसऱ्या मजल्यावर
एसीच्या घरघरीत ठोके ऐकत.
त्यातला माझा कोणता, तिचा कोणता,
कोण सांगणार.

दोन जिवांची आहेस, आई फोनवर म्हणते, जप.
मी बोटं मोजते. मी, बाळ, आणि ही,
जिला जीव नाही
आणि जिच्याशिवाय आमचं दोघांचं काही खरं नाही.

अप्पा शाळेत संस्कृत शिकवायचे.
डोहाळे हा शब्द त्यांनी एकदा
वाटाण्याची शेंग सोलावी तसा सोलून दाखवला होता:
दोन हृदयं जिला, तिला होतात ते.
मी तेरा वर्षांची, जिन्यात धाप लागून बसलेली.
मनात म्हटलं, अप्पा, इथे एकाचीच पंचाईत आहे.

आणि डोहाळे तरी कसले, खाऱ्या बांगड्याचे.
समोरची उम्म खलफान बरणीतून खारवलेला मासा काढते,
मालेह म्हणते त्याला,
लिफ्टमध्ये दुपारभर वास रेंगाळतो
आणि मी आतून दाराला नाक लावून उभी.
मीठ बंद. दिवसाला दीड ग्रॅम, पावातलंसुद्धा धरून.
अळणी वरणावर लिंबू,
अळणी भातावर आणखी एक लिंबू.
हेमकांत बंदरावरची रात्रपाळी करून येतो
तेव्हा आंघोळीला जायच्या आधी
त्याचं मनगट चाटावंसं वाटतं.
एकदाच बोलून दाखवलं.
तो हसला नाही. मुकाट्याने हात पुढे केला.

ऑगस्टात गाडीतून उतरलं की चष्मा पांढरा होतो.
आंधळ्यासारखी मी रखवालदारापुढे कार्ड धरते,
मला कमानीतून नको, बाजूने सोडा.
कार्डावर शाल्मलीचं शमाली झालंय.
मशीनचा नंबर मात्र अचूक.

लिजी छातीवर कांडी ठेवते.
पडद्यावर माझे डोंगर सरकतात,
सारखे, समजूतदार, कारखान्यात केलेले.
शेजारच्या यंत्रात पोटातल्या टापा:
एकशे अठ्ठेचाळीस.
त्याला कुणी शिकवलं नाही. कुणी तार घातली नाही.

बॅटरी सात वर्षं, लिजी सांगते, आरामात.
म्हणजे दुसरीत असेल.
पुढचे दात पडलेले असतील,
आई दवाखान्यात म्हणून रडेल,
किंवा टीव्ही बघत बसेल.

मग ती म्हणते, आता जरा कमी करते हं,
तुझं स्वतःचं किती आहे ते बघू.

ही जागा मला माहीत आहे.
बोटांतली ऊब ओसरते,
छताचे चौकोन लांब जातात,
एक

आणि पुढचा येत नाही.
विहिरीत दगड टाकून
आवाजाची वाट बघावी तशी मी.
त्या पोकळीत, बरगडीखाली, लाथ बसली.
साधी नव्हे. वीज गेल्यावर भाडेकरू
मालकाचं दार बडवतो तशी.

लिजीने घाईने बटण दाबलं.
ठोका आला. मागोमाग दुसरा.
काही जाणवलं?
चक्कर, म्हटलं, थोडी.
लाथेचं सांगितलं नाही.
ते आमचं घरातलं भांडण.

परतताना मासळीबाजार लागला.
काच खाली कर, म्हटलं.
बेचाळीस आहे बाहेर, हेमकांत म्हणाला.
असू दे.
वास तरी.