तळं पिणारा

स्लोव्हेनियात, त्सेर्कनित्साचं तळं
उन्हाळ्यात होतं गडप.
मोठे म्हणतात, "खाली भोकं आहेत,"
आणि तळातलं गवत कापतात झपझप.

उर्शाचा त्यात बूट गेला होता,
लाल, डाव्या पायाचा.
म्हणून ती भोकात उतरली, कंदील घेऊन
खाणीतल्या मामाचा.

खाली काळोख. काळोखात पोट.
पोट कसलं, चर्चहून मोठं!
वर दोन डोळे,
ओशाळलेले.

"मीच प्यायलो," ड्रॅगन म्हणाला.
"तहान लागते, आणि आग विझते.
मासे आत गुदगुल्या करतात,
पण हसायची चोरी.
हसलो की पूर!"

उर्शाने डबा उघडला. कुट्टूची उकड
अर्धी त्याला, अर्धी तिला.
मग रोज जायची. आकडे शिकवायची.
सातच्या पुढे गडी अडायचा.

ऑक्टोबरात तिला कांजिण्या आल्या.
आठ दिवस खिडकीत बसून
तिने त्याची इतकी आठवण काढली
की तळाखाली
त्याला उचकी लागली.

उक्! एक. उक्! दोन.
भोकांतून पाणी वर, वर, वर.
सातव्या उचकीला तळं काठोकाठ.
मग खोलातून घोगरा आवाज: "आठ!"

काठाला लागला लाल बूट,
डावा,
आतून अजून कोमट.