उपरण्याखाली

गड्ड्याच्या जनावरांच्या बाजारात एकदाच गेले,
नऊ वर्षांची असताना, बापाच्या सायकलच्या दांड्यावर.
खिलार खोंडाभोवती वीस माणसं
आणि मधोमध दोघांचे हात
एका मळक्या उपरण्याखाली गडप.
बोटं बोलत होती, तोंडं गप्प.
मग एक मान हलली,
खोंडाच्या पाठीवर गुलाल पडला.
भाव काय फुटला, विसांत कुणालाच कळलं नाही.
सौदा झाला, हे मात्र सगळ्यांनी पाहिलं.

आता मी तसलंच उपरणं विणते, गणिताचं,
विडी घरकुलात, तापल्या पत्र्याखाली,
जुन्या बाजारातून आणलेल्या लॅपटॉपवर.
तारण पुरेसं आहे, एवढंच सिद्ध व्हावं.
हजार अनोळखी संगणकांनी तपासून मान डोलवावी
आणि नाव, गाव, आकडा
त्यातल्या एकालाही दिसू नये.

आधी लोक उघड्या साखळीला भुलले.
काचेची तिजोरी, म्हणाले, चोराची काय बिशाद.
पण काचेला नाक लावून गाव बसलं:
कुणी किती ठेवलं, कुणी रात्री अडीचला काढलं,
कुणाच्या कर्जाला धाप लागलीय.
धाप दिसली
की धक्का द्यायला वेळ लागत नाही.

हे मी अंबव्वा म्याकलवरून शिकले,
कुठल्या कोर्समधून नाही.
आईच्या भिशीची वही, निळ्या पुठ्ठ्याची.
कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला,
वर लिहिलं, ‘पारदर्शक कारभार’, आणि जोडलेले हात.
तिसरी ओळ: अंबव्वा, उचल, अकरा हजार.
संध्याकाळी दिराला कळलं, रात्री नवऱ्याला.
पोरीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचे पैसे
सकाळी दिराच्या रिक्षाच्या हप्त्यात गेले.
अंबव्वा अजून येते, आईशेजारी पानं कातरत बसते.
भिशीत येत नाही.
वहीत एक पैसासुद्धा चुकीचा नव्हता.

आई सूप मांडीवर घेऊन विचारते,
‘काय की बाई, त्या कपड्याखाली लबाड हात नसतो व्हय?’
असतो.
उपरण्याखाली चोरीचा बैलही खपतो.
रातोरात शटर ओढून पळणाऱ्याला
अंधार माझ्याहून जास्त प्रिय.
म्हणून असली नाणी काही बाजारांनी यादीतून काढली,
म्हणून सरकार म्हणतं, एक भोक ठेवा, आम्हापुरतं.
भोकातून कोण कोण डोळा लावेल
याचा पुरावा मला अजून लिहिता आलेला नाही.

आणि एक पुरावा बनायला
लॅपटॉप सव्वा मिनिट मागासारखा धडधडतो.
तेवढ्यात आईच्या दोन विड्या होतात,
तिसरीला दोरा लागतो.
पुण्याचा साहेब म्हणतो, हेच भविष्य.
पगार दोन महिने थकलाय त्याच्याकडे.

आई कारखान्यातल्या चेकरबद्दल बोलते,
जो आतल्या खोलीत पुडे नेऊन
मूठभर विड्या छाट म्हणून काढतो.
‘बघू दे की. पण माझ्यासमोर सोड म्हणावं दोरा.’
ते वाक्य मी प्रोग्रॅममध्ये टिपण म्हणून घातलं,
बघायच्या किल्लीच्या वर:
किल्ली मालकाच्या कमरेला,
दोरा त्याच्यासमोर.

काल अंबव्वा दारात थांबली.
‘तुझ्या त्या डब्यात काही ठेवता येतंय का?’
म्हटलं, चाचणी चालू आहे, आतले पैसे खोटे आहेत.
‘खोटे तर खोटे. दाखव.’
मी खुर्ची दिली. ती बसली नाही.
उभ्यानंच पदर ओढला कीबोर्डवर
आणि तंबाखूनं पिवळ्या पडलेल्या बोटांनी
पदराखाली काहीतरी दाबत राहिली, बराच वेळ.
मी खिडकीतून चिमणी बघत होते.

सव्वा मिनिटानं पडद्यावर एकच शब्द आला:
मान्य.