वाव

दुकानात गुलवेन म्हणाला, आठ किलोचा पुरे
तुझ्या होडीला.
एनोराने दहाचा उचलला,
पोर कडेवर घ्यावं तसा घेऊन पाहिला,
आणि पैसे मोजले.

मोर्लेच्या खाडीत ओहोटीला दोन वाव पाणी,
भरतीला आणखी चार.
तिने दोर सोडला तीस वाव.
शेजारच्या होडीतला पाहुणा हसला, एवढा कशाला?
ताणला की उचकटतो, ती म्हणाली,
त्याला आडवं पडायला वाव हवा.

मग वाऱ्याला होडी मागे रेटू दिली,
दोरावर तळवा ठेवून बसली.
थरथर लागली तर घसरतोय.
नावाचाच नांगर,
याने नांगरायचं नसतं,
रुतायचं.

मध्यरात्री वारा फिरला.
पाहुण्याचा दिवा तिच्या झरोक्यातून
डावीकडे, खडकांकडे, सरकत गेला.
तिने पातेलं बडवलं.
तो उठला, एका पायात विजार.

सकाळी नांगर वर आला
राखाडी चिखल, शेवाळाच्या झिपऱ्या घेऊन.
दोन बादल्या पाणी.
साखळी पेटीत, तिच्यावर दोर,
आणि फाळ नाळेवर दोन गाठींनी करकचून;
मोकळा ठेवला तर लाटेगणिक
दार ठोठावत बसतो.

चिखल नखांत राहिला.
त्याच हाताने तिने पाव कापला,
अर्धा पाहुण्याकडे फेकला.