विहिरीतला हात

माझं काम एवढंच : हात.
शिरोड्याच्या मिठागरांपलीकडे, सुरूच्या बनात,
सागरमौज पार्कातली सिमेंटची विहीर.
आत पाण्याऐवजी एक स्टूल, चहाचा थर्मास
आणि मी, विश्राम आरोलकर,
दत्तजयंतीपासून नाताळ सरेपर्यंत
रोज साडेसात ते बारा.
बाकीचा मी कुणी पाहिलेला नाही.

पहिल्या वर्षी मालकांनी नारळ ठेवला.
घाडी आले, त्यांनी गाऱ्हाणं घातलं :
बा राखणदारा म्हाराजा,
ही पोरां तुझ्या शिमेत भुताचा सोंग घेतत,
खेळ म्हणान मान्य कर, मनात काय धरू नको.
आम्ही सगळे, अगदी पोटातून : व्हय म्हाराजा.

कवट्या नव्हत्या तेव्हा. करवंट्या, चुन्याचे डोळे,
रापणीचं फाटकं जाळं, त्याला बांगड्याचा वास.
आबू मुकादमचा जनरेटर खोकत खोकत
मध्येच बंद पडायचा.
तो अंधार तिकिटात धरलेला नव्हता.
मी मनगट पकडलं की
आधी शांतता,
मग किंकाळी.
त्या मधल्या शांततेसाठी मी स्टूलवर बसायचो.
एकदा हिरवी काकणं वाढली माझ्या मुठीत.
ती बाई दुसऱ्या रात्री नवऱ्याला घेऊन आली,
म्हणाली, आता ह्यांका धर.

कधी बदललं, सांगता येत नाही.
वाफ्यात पाण्याचं मीठ होताना
बघत बसलं तर दिसत नाही.
आधी स्पीकर आले : कोल्हा, दर चाळीस सेकंदांनी.
मग धुराचं यंत्र. मग हृदयविकाराची सूचना, तीन भाषांत.
मनगटांवर घड्याळं उजळू लागली,
माझ्या बोटांशेजारी कुणाचे ठोके आकड्यांत दिसायचे :
बहात्तर.
मी धरलेला असताना, बहात्तर.

काका, हात जरा वर, फ्रेममध्ये येत नाय.
एका पोराने आइस्क्रीमची काडी दिली, टाकायला.
टाकली.
हडळ होणाऱ्या कुंदा रेडकरला
उलटी पावलं सुलटी करून नाचायला सांगायचे,
आणि ती नाचायची; पाचशे रुपये रोज होता.
गाऱ्हाणं आता मोबाइलवर लावतात.
व्हय म्हाराजा त्यातच भरलेलं आहे.

यंदा कोल्हापूरहून रबरी हात आला, सेन्सरवाला.
मला गेटावर बसवलं,
येणाऱ्यांच्या मनगटाला कागदी पट्टे बांधायला.
तीच मनगटं. उजेडात.
कुणी दचकत नाही.

काल शेवटची रात्र. गर्दी पांगली, दिवे चालूच होते.
बारा वर्षांत पहिल्यांदा आत शिरलो,
गिऱ्हा म्हणून नव्हे, गिऱ्हाईक म्हणून.
प्लास्टिकच्या कवट्यांमागे एक करवंटी अजून आहे,
एका डोळ्याचा चुना गेलेली.
विहिरीपाशी आलो.
हात येणार, माहीत होतं.
वायर कुठून जाते तेही माहीत होतं.

आला.

आधी शांतता.
मग आबू कंदील घेऊन धावत,
कोण रे आरडला?
मी म्हटलं, कोल्हा.

आमच्या परड्यात खरी विहीर आहे.
तिन्हीसांजेनंतर तिच्यात वाकू नये म्हणतात.
मी वाकत नाही.
पाणी उजेडातच काढून ठेवतो.