कानासकट, की कानाविना

फूंग पाथरवटाने छिन्नी थांबवली नाही,
मान वर केली नाही,
एवढंच विचारलं :
कानासकट, की कानाविना?

मला वाटलं, बाबांबद्दल विचारतोय.
बाबांचा डावा कान कथलाच्या खाणीत गेला,
यंत्राच्या घरघरीत, मी सातवीत असताना.
उजवा त्यांनी आपणहून बंद केला,
आई गेली त्या वर्षी.

तो आडनावाबद्दल विचारत होता.

आमचं आडनाव म्हणजे टेकाड.
पाच रेघा. तळाची लांब, आडवी,
ती जमीन.
उत्तरेत कुठेशी एका टेकाडावर राजधानी होती,
तिथल्या ज्या नातवंडांच्या वाट्याला गादी आली नाही
त्यांनी टेकाड घेतलं.
तीन हजार वर्षं झाली, असं वंशावळ म्हणते.
वंशावळीचं काय,
लिहिणाऱ्याला पोटभर जेवू घातलं की ती लांबते.

मग थोर गुरूचं नाव आडवं आलं.
त्याचंही नाव टेकाडच;
जन्मतःच कपाळावर उंचवटा होता म्हणे.
पुढे शेकडो वर्षांनी एका बादशहाला वाटलं,
गुरूचं नाव न्हाव्याच्या, खाटकाच्या दारावर लटकतंय,
बरं दिसत नाही.
फर्मान निघालं : या आडनावाला कान लावा.
अक्षराच्या उजव्या अंगाला
दोन-तीन फटकारे, लोंबत्या पाळीसारखे.
लोकांचे कान उपटतात.
आमचा चिकटवला.

बादशाही गेली तेव्हा काहींनी कान काढून टाकला.
काहींना सवय झाली होती.
आज कानवाले लाखोंनी आहेत, बिनकानाचे थोडे कमी,
मोजणाऱ्या यंत्राच्या दोन वेगळ्या रकान्यांत.
लग्न जुळवणाऱ्या म्हाताऱ्या मात्र
दोघांनाही एकाच रकान्यात टाकतात :
सगोत्र. पुढचं स्थळ बघा.

आणि मग समुद्र.
धक्क्यावर टेबल, टेबलामागे कारकून.
त्याला जे ऐकू आलं ते त्याने लिहिलं.
आजोबा झाले ह्यू.
त्यांचा सख्खा भाऊ, रांगेत चार माणसं मागे,
झाला ख्यू.
तेच पेनांगला खू, तैपेईत च्यू,
क्वालालंपुरात माझ्या दातांच्या डॉक्टरीणबाई याउ.
एका टेकाडाच्या एवढ्या पायवाटा,
आणि वर कुणीच राहत नाही.

पर्थहून भावाचा फोन :
आजोबांच्या दगडावर कान आहे ना,
मग विचारायचं काय त्यात?
विचारायचं हे, की बाबा सही बिनकानाची करायचे.
मजुरीच्या वहीत, बँकेत,
माझ्या प्रगतिपुस्तकावर,
टोकदार पेन्सिलीने, कागद फाटेल इतकी दाबून.
का, ते एकदा विचारलं होतं मी.
त्यांना ऐकू आलं नाही.
किंवा आलं.

फूंगला म्हटलं, कानाविना कोरा,
पण उजवीकडे बोटभर जागा सोडा.
त्याने पहिल्यांदा वर पाहिलं.
म्हणाला, रिकामी जागाही मापात सोडावी लागते, बाई,
तिचे पैसे कोरल्याइतकेच पडतील.
दिले.

आता चिंग-मिंगला इपोहच्या बाहेर
चुनखडीच्या डोंगरांखाली आम्ही गवत उपटतो.
मातीचा उंचवटा, त्यावर दगड, दगडावर उंचवटा.
सोडलेल्या जागेत या वर्षी शेवाळ धरलंय,
मुंग्यांची एक ओळ तिथून वळते.
मी कापडाने पुसते, अर्धवटच,
वाकून तोंड त्या जागेजवळ नेते
आणि सवयीने ओरडते :
बाबा, संत्री आणलीत!

पलीकडच्या थडग्यावरची बाई
झाडू थांबवून बघत राहते.